नंबर नाही तर सिग्नल नाही

आमच्या आबांना फोन करायचा तर आधी नंबर सांगावा लागे. आबा म्हणजे माझे घरमालक. "आबा, मी बोलतेय, आज शाळेतून यायला उशीर होईल," एवढंच मला सांगायचं असायचं. पण पलीकडून पहिला प्रश्न यायचा, "नंबर?" मग मी पर्समधून घडी घातलेला कागद काढायची, शेवटचा खोडलेला आकडा शोधायची आणि त्याच्या खालचा वाचायची, "बासष्ट." पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज. "बासष्ट. बरोबर शे. आते बोल, माय." एवढं सगळं झाल्यावर माझा उशीर मंजूर व्हायचा. स्टाफरूममधल्या बायका हसून हसून बेजार व्हायच्या. एकीला तर कितीतरी दिवस वाटत होतं की मी मटका लावते.

पिंप्राळ्यातल्या त्यांच्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत मी तीन वर्षं राहिले. मी मूळची धुळ्याची. जळगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी मिळाली आणि घर शोधत त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. आता पुन्हा धुळ्यातच नोकरी करते. आबा जाऊन वर्ष होत आलं. हल्ली अनोळखी नंबरवरून फोन येतो, उचलावा की नाही या विचारात तो वाजून वाजून थांबतो, आणि मला हटकून आबा आठवतात. आठवले की आधी हसू येतं. मग ते हसू टिकत नाही.

आबा रेल्वेत स्टेशनमास्तर होते. भुसावळ विभागातल्या अशा अशा स्टेशनांवर त्यांनी उमर काढली की जिथे दिवसाला दोन पॅसेंजर थांबायच्या आणि बाकीच्या गाड्या धूळ उडवून निघून जायच्या. निवृत्त होऊन बारा-तेरा वर्षं झाली होती, पण नोकरी त्यांच्या अंगातून गेली नव्हती. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. मनगटावरच्या घड्याळाची तबकडी आतल्या बाजूला. मे महिन्यात जळगावात माणसं ओले पंचे डोक्याला गुंडाळून बसतात, तेव्हाही हे पायमोजे घालून ओट्यावर हजर.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला समोर बसवून घराचे नियम सांगितले. सांगून झाल्यावर गप्प बसले. मीही गप्प. शेवटी त्यांनी विचारलं, "समजनं?" मी म्हटलं, "हो." "काय समजनं ते सांग." मला सगळे नियम पाठ केल्यासारखे परत म्हणून दाखवावे लागले. आबांचं ठाम मत होतं: सांगनं अर्धं, परत सांगनं पुरं. ऐकणाऱ्याने ऐकलेलं परत म्हणून दाखवलं नाही, तर ते बोलणं झालंच नाही असं समजायचं. त्यांच्या घरात साधी पाण्याची मोटार लावायची तरी अक्का स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "मोटार लावी ऱ्हायनू!" ओट्यावरून उत्तर जायचं, "मोटार लावी ऱ्हायनी, सहा वाजून दहा मिनिटं!" आणि वहीत नोंद. अक्का म्हणजे आबांच्या बायको. चाळीस वर्षांत त्यांनी या सगळ्याला नावं ठेवली आणि चाळीस वर्षं ते तसंच केलं.

त्या वहीत एकदा मला माझंच नाव सापडलं. 'वरच्या मॅडम. प्रस्थान १०.२२. आगमन १८.०५. विलंब ३५ मि.' माझं डोकंच फिरलं. मी तशीच खाली गेले. "आबा, मी काय गाडी आहे? माझ्या येण्याजाण्याच्या वेळा लिहिता?"

"गाडी राहती ते विलंबनं कारन बी लिखतू," आबा शांतपणे म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून वहीत कारणाचा रकाना आला. मी आठवडाभर बोलले नाही त्यांच्याशी. मग एका संध्याकाळी रिक्षा मिळाली नाही म्हणून खरंच फार उशीर झाला, आणि कोपऱ्यावर बघते तो आबा हातात बॅटरी घेऊन उभे. माझ्या पुढे पुढे चालत घरी आले आणि वहीत लिहिलं, 'सुखरूप.' त्यानंतर मी त्या वहीबद्दल तक्रार केली नाही.

एवढं ऐकून कुणाला वाटेल की हा जुन्या वळणाचा म्हातारा, याला नवं काही नको असेल. तसं अजिबात नव्हतं. उलट नवं यंत्र आलं की आबा त्याच्याकडे नव्याने रुजू झालेल्या माणसाकडे बघावं तसं बघायचे. फोनमधल्या बोलणाऱ्या बाईशी त्यांची रोज सकाळी भेट. "गाडी कितली लेट शे?" असं ते तिला अहिराणीत विचारायचे. ती शुद्ध हिंदीत माफी मागायची. मी म्हणायची, "आबा, तिला अहिराणी येत नाही. मराठीत विचारा." तर म्हणायचे, "नवी भरती शे. शिकी जाई." तिच्यावर त्यांचा एकच आक्षेप होता. ती सांगितलेलं परत म्हणून न दाखवता थेट उत्तर देते, आणि चुकीचं उत्तरही तितक्याच ठसक्यात देते. "अशा मानूसले मी केबिनमा बसू देतू नही," ते म्हणायचे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तिलाच विचारायचे.

भांडण झालं ते कॅमेऱ्यावरून. आबांना एक मुलगा आणि एक मुलगी. मुलगी नाशिकला, मुलगा पुण्यात नोकरीला. दिवाळीत मुलगा आला आणि त्याने ओट्यावर एक आणि बैठकीच्या खोलीत एक असे दोन कॅमेरे बसवले. आई-वडील एकटे, वडिलांचं बीपी वाढलेलं, पुण्यात बसून निदान दिसत तरी राहतील, असा त्याचा हेतू. त्या कॅमेऱ्यातून बोलताही यायचं. अक्कांना तो फार आवडला. रोज सकाळी बाजारातून आणलेली भाजी त्या कॅमेऱ्याला दाखवायच्या आणि वांग्याचा भाव सांगायच्या. पण एका दुपारी आबा जेवत असताना भिंतीतून आवाज आला, "आबा, गोळी घेतली का?" आबांच्या हातातला घास खाली पडला. ते उठले, बाजाराची कापडी पिशवी घेतली आणि कॅमेऱ्याच्या तोंडावर बांधून टाकली.

मग फोनवर बाप-लेकांची जुंपली. आबांचा फोन नेहमी स्पीकरवर, त्यामुळे वर मला सगळं ऐकू येत होतं. मुलगा पुण्याला गेल्यापासून वडिलांशीही छापील मराठीत बोलायचा, आणि रागावला की ते आणखी छापील व्हायचं. तो म्हणाला, "मी तुमच्या काळजीपोटी केलं हे." आबा म्हणाले, "जिंदगीभर मी सिग्नलले देखं, आते सिग्नल माले देखी ऱ्हायना! मी काय चोर शे का?" तो म्हणाला, "तुमच्याशी माणसाने बोलायचं तरी कसं?" आबा म्हणाले, "बोलू नको मंग."

तो खरंच बोलायचा थांबला. दोघेही एकाच मातीचे. रविवारी सकाळी दहाला तो अक्कांच्या फोनवर फोन करायचा, अक्का आत चुलीपाशी जाऊन बोलायच्या. आबा बाहेर ओट्यावर बसलेले. समोर स्टुलावर धुतलेला हातरुमाल आणि त्यावर त्यांचा स्वतःचा फोन, पूर्ण चार्ज केलेला. बोलणं संपवून अक्का बाहेर आल्या की विचारायचे, "काय म्हने पुणं?" मुलाचं नाव घ्यायचे नाहीत. एका रविवारी सव्वादहा झाले तरी अक्कांचा फोन वाजला नाही, तर तीनदा आत डोकावून गेले. "पुणं आज लेट धावी ऱ्हायनं," असं मला म्हणाले आणि लगेच वहीत तोंड घातलं. मी एकदा सुचवलं, "आबा, तुम्हीच लावा की फोन." ते म्हणाले, "सिग्नल त्यानीकडथीन लाल शे." म्हणजे लाल त्याने केलाय, तोच हिरवा करेल. मला दोघांचाही राग यायचा. आता वाटतं, तेव्हाच त्यांच्या हातातून फोन घेऊन मी लावून द्यायला हवा होता.

मे महिन्यात धुळ्याला त्यांच्या पुतण्याच्या मुलीचं लग्न होतं. माझं माहेरच धुळ्याचं, म्हणून अक्कांनी मलाही बरोबर घेतलं. लॉनवर मोठा मांडव. वरण-बट्टी, वांग्याची घोटलेली भाजी, वाढप्यांची धावपळ. नवरीचे आजोबा, म्हणजे आबांचे थोरले भाऊ दादा, जाऊन सात वर्षं झाली होती. जेवणं सुरू झाली आणि स्टेजजवळचा मोठा पडदा उजळला. त्यावर दादा! पांढरी टोपी, गळ्यात उपरणं, हात जोडलेले. ओठ हलले आणि लाउडस्पीकरमधून आवाज आला, "सर्व पाहुणे मंडळींचे मनःपूर्वक स्वागत. भोजन केल्याशिवाय कोणीही जाऊ नये." पुतण्याने कुणाकडून तरी जुन्या फोटोवरून आणि फोनमध्ये उरलेल्या चार-दोन बोलण्यांवरून ते बनवून घेतलं होतं. बायका पदराने डोळे पुसायला लागल्या. म्हाताऱ्या माणसांनी बसल्या जागेवरून पडद्याला हात जोडले. खोटं कशाला बोलू, मीही हात जोडले.

आबा पानावरून उठले. उष्ट्या हाताने पडद्यासमोर जाऊन उभे राहिले. पुतण्या धावत आला. "काका, आवाज बघा ना! बरोबर दादांचाच!"

"आवाज बरोबर शे रे भो," आबा म्हणाले. "पन हाऊ दादा नही. दादानी जिंदगीमा कोनलेच 'मनःपूर्वक स्वागत' म्हनेल नही. दादा म्हने, बठा रे, जेवी ल्या."

परतीच्या एसटीत ते खिडकीला डोकं टेकून बसले होते. पारोळा गेल्यावर एकदम म्हणाले, "दादाना आवाज मी इसरी गयथू, माय. सात वरीस व्हयनात. आज याद उना, आन तो बी खोटा."

दुसऱ्या दिवशी सकाळीच फूटपट्टी घेऊन ते कागद आखायला बसले. नंबरांची ती सुरुवात.

रेल्वेत ही पद्धत जुनी आहे. स्टेशनमास्तर फाटकावरच्या गेटमनला फोन करतो, गाडी येतेय, फाटक लाव. गेटमन फाटक लावतो आणि फोनवर एक दोन आकडी नंबर सांगतो. त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. नंबरांचा कागद त्याच्याकडे असतो, आकडे आडवेतिडवे, कुणाला अंदाज लागू नये असे. एक नंबर एकदाच वापरायचा आणि खोडायचा. नंबर मिळाला तरच सिग्नल द्यायचा. आबांच्या ऐन उमेदीत एकदा गेटमन म्हणाला, "फाटक लावलं, साहेब." आवाज रोजचाच. नंबर मात्र देईना, नुसतं लावलं लावलं म्हणत राहिला. आबांनी सिग्नल दिला नाही. मेल गाडी बाहेर शिट्ट्या मारत उभी, कंट्रोलमधून साहेब शिव्या घालतोय, आबा हलले नाहीत. माणूस पाठवून बघितलं तर केळीने भरलेला ट्रॅक्टर रुळात अडकलेला, आणि गेटमन भीतीने थरथरत खोटं बोलत होता. ही हकीकत मी त्यांच्या तोंडून वीसदा तरी ऐकली असेल. शेवटी दर वेळी तेच वाक्य, नंबर नही ते सिग्नल नही.

आता फोनमध्ये कुणाचाही आवाज काढता येतो हे लग्नात त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. मग घरच्या प्रत्येकासाठी नंबरांचा वेगळा कागद तयार झाला आणि त्याची नक्कल आबांच्या वहीत राहिली. अक्का, नाशिकची लेक, मी. अक्कांनी कपाळावर हात मारून घेतला, पण कागद पदराच्या गाठीला बांधला. पुण्याला दोन कागद गेले, एक सुनेचा आणि एक मुलाचा. मुलाचा कागद आबांनी चार वेळा आखला. रेघ जरा वाकडी आली की फाडायचे. सोबत चिठ्ठी नाही, दोन ओळींचा मजकूर नाही. पाकीट पोस्टात टाकायला मात्र उन्हातून स्वतः चालत गेले. माझ्या मते ते पाकीट हेच त्यांचं पत्र होतं. पुण्याहून काही उत्तर आलं नाही.

आषाढातल्या एका रविवारी सकाळी मी ओट्यावर उत्तरपत्रिका तपासत बसले होते. अक्का गिरणीवर दळण घेऊन गेलेल्या. त्या दिवशी दहा वाजून गेले तरी अक्कांच्या फोनवर पुण्याचा फोन आला नव्हता. पावणेबाराच्या सुमाराला स्टुलावरचा आबांचा फोन वाजला. अनोळखी नंबर. आबांनी स्पीकर लावला.

"आबा..."

"कोन बोली ऱ्हायनं?"

"आबा, मी. ओळखलं नाही का?" आवाज ओढल्यासारखा, थकलेला होता.

आबांनी वही पुढे ओढली. "नंबर सांग."

"आबा, तो कागद घरी आहे. ऐका ना. मला जरा लागलंय, विशेष काही नाही. दुसऱ्याच्या फोनवरून बोलतोय. आत नेण्याआधी म्हटलं तुमच्याशी बोलून घ्यावं." मग थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. "आबा, माझं चुकलं. मनात ठेवू नका."

आबांचा पेन धरलेला हात तसाच थांबला होता. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा एका क्षणापुरता असा काही झाला की मला वाटलं, ते आता रडणार. मग त्यांनी जबडा आवळला.

"नंबर."

"आबा, प्लीज..."

"नंबर नही ते सिग्नल नही," आबा म्हणाले आणि फोन बंद केला.

फोन लगेच पुन्हा वाजला, त्याच नंबरवरून. आबा माझ्याकडे बघून म्हणाले, "ह्याले बंद कसं करतस?" मी तो नंबर ब्लॉक करून दिला. मीच दिला. मुलाचा आवाज मी आठ महिन्यांपूर्वी वरच्या मजल्यावरून ऐकलेला, तोही भांडणात. मला वाटलं आबांनी चोर पकडला. मी टाळ्या वाजवल्या. "शाब्बास, आबा! पेपरमध्ये बातमी यायला पाहिजे तुमची."

आबा खुलले. वहीत लाल पेनाने लिहिलं, '११.४४. बनावट आवाज. नंबर दिला नाही. संभाषण बंद.' मग चौकात जाऊन अर्धा किलो जिलबी घेऊन आले आणि कॉलनीत घरोघर वाटत हकीकत सांगत सुटले. लोक विचारायचे, आबा, तुम्हाला शंका कशी आली? "नंबर ते नव्हताच," आबा म्हणायचे, "पन माफी मांगनी ना त्यानी, तठेच चोर सापडना. मन्हा आंडोर माफी मांगस का कधी? मन्हावर गयेल शे तो!" माझा मुलगा आणि माफी मागेल? लोक हसायचे. मीही हसले आणि दोन जिलब्या खाल्ल्या.

दुपारनंतर, चहाच्या वेळेला, अक्कांचा फोन वाजला. सून होती. बिचारी नियमाची फार. काहीही बोलायच्या आधी ती म्हणाली, "आई, सदतीस."

अक्कांनी आत हाक मारली, "सदतीस!" आबांनी सुनेचा कागद काढून बघितला. "सदतीस. बरोबर शे," असं म्हणून आकड्यावर रेघ मारली आणि बाजूला सही केली. अक्कांनी स्पीकर लावला आणि सून बोलायला लागली. सकाळी ते दूध आणायला स्कूटरवरून गेले आणि वळणावर घसरले. मांडीचं हाड मोडलं. फोनचा चुरा झाला. ऑपरेशन व्यवस्थित झालंय, आता काळजी नाही. "मी खाली फॉर्म भरत होते, तेवढ्यात त्यांनी वॉर्डातल्या एका दादांकडून फोन मागून घेतला. आबांचाच नंबर तेवढा तोंडपाठ आहे म्हणाले. बोलणं झालं ना तुमचं सकाळी? शुद्धीवर आल्यापासून विचारतायत, आबा काय म्हणाले."

सून दोनदा "हॅलो, हॅलो" म्हणाली. अक्कांनी काय ते ओळखलं, जिलबीच्या पुड्याकडे बघितलं आणि तो हाताने दूर सारला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आबा मात्र हातातल्या पेनाचं टोपण लावत होते आणि ते लागत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीने आम्ही पुण्याला निघालो. "तू बी चाल, माय," अक्का म्हणाल्या. "हाऊ मानूस माले एकलीले आवराव नही." शाळेत रजा टाकून मी गेले. एरवी आबांबरोबर प्रवास म्हणजे प्रत्येक स्टेशनाला गाडी किती मिनिटं मागे याचा हिशोब. त्या दिवशी ते खिडकीबाहेर बघत होते, पण एकही पाटी वाचत नव्हते. मनमाडला मी चहा आणून दिला. कप हातात धरून म्हणाले, "आवाज मी पहिल्या 'आबा'लेच वळखथा."

मला कळेना. "मग नंबर कशाला विचारलात, आबा?"

त्यांनी कप खिडकीच्या कडेवर ठेवला. मग म्हणाले, "आठ महिना मी रोज त्याना फोन मनमा आयकी ऱ्हायंथू. तो काय बोली, मी काय बोलसू, बठ्ठं ठरायेल व्हतं. आन तो अगदी तेच बोलना. माले जे आयकानं व्हतं तेच. म्हनीसन माले खोटं वाटनं."

चहा तसाच राहिला. मी खिडकीकडे तोंड करून रडले, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

हॉस्पिटलात चौथ्या मजल्यावर तो होता. पाय वर बांधलेला, गालावर खरचटलेलं. अक्का सरळ आत गेल्या, त्याच्या तोंडावरून हात फिरवून रडल्या, बोलल्या, ओरडल्याही. आबा दारातच उभे. आत पाऊल टाकायला परवानगी लागते अशा तऱ्हेने उभे. सुनेने खुर्ची दिली, ती घेतली नाही. मुलाने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं आणि परत छताकडे बघायला लागला. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. कालपासून विचारून विचारून दमलेला माणूस बघतो तसं बघितलं त्याने. मला आबांना हाताला धरून बाहेर न्यावंसं वाटलं.

मग आबा चालत कॉटपर्यंत गेले. तोंड उघडलं, मिटलं. सत्तरी उलटलेला माणूस, आयुष्यात साहेबासमोर नाही, बायकोसमोर नाही, कुणासमोर तो शब्द उच्चारला नव्हता. दोन्ही हात शर्टाच्या खिशात नसलेलं काहीतरी शोधत होते.

"मन्हं चुकनं," आबा म्हणाले. अगदी हळू. आणि मग जरा मोठ्याने, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं, "मन्हं चुकनं, भाऊ."

हातांवर जोर देऊन, दात खाऊन, मुलाने ते मोडलेलं अंग बोटभर, मग आणखी बोटभर भिंतीकडे सरकवलं. कॉटच्या कडेला वीतभर जागा झाली. "आबा," तो म्हणाला, "आठे बठा."

आबा बसले. त्याचा हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत धरला. तेवढ्यात नर्स आली आणि फटकारून म्हणाली, "ओ बाबा, पेशंटच्या बेडवर बसायचं नाही. नियम आहे. उठा."

आबा उठले नाहीत.